ट्रंकेतला पोपट

नवरा गेल्यावर त्याच्या सामानातून भलतंच काही निघतं आणि बाई विचारते, "आता यांच्यासाठी रडू, की यांच्यावर चिडू?" हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. विट्याकडच्या एका ताईंची हकिकत त्यासाठी देत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांचे यजमान गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात, 22 वर्षं तमिळनाडूत. घरी यायचे ते यात्रेला नि दिवाळीला. हार्ट अटॅकने तिकडेच गेले. तेराव्यानंतर भागीदाराने पत्र्याची ट्रंक आणून दिली. वर कपडे, मध्ये फडक्यात गुंडाळलेली काळवंडलेली मूस (धातू वितळवायचं भांडं), तळाशी मनीऑर्डरच्या पावत्या: दरमहा 2,000 रुपये, एका अनोळखी बाईच्या नावे. शिवाय हातउसन्याच्या चिठ्ठ्या.

ताईंनी झाकण लावलं ते चार महिने उघडलं नाही. रात्री त्या खोलीतून गेलेल्या यजमानांचा खोकला ऐकू येई. 'बाहेरचं' असेल म्हणून घरच्यांनी देवऋषी गाठला. त्याची गरज नव्हती. डेवी रीस या डॉक्टरांनी 1971 साली वेल्समधल्या 293 विधवा-विधुरांच्या मुलाखतींवरून लिहिलं, की जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार आसपास असल्याचं, दिसल्याचं किंवा ऐकू आल्याचं जाणवलं होतं. मात्र आवाज हुकूम देऊ लागला, जेवणझोप तुटली किंवा मरावंसं वाटलं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत नंबर रात्रीही चालू असतो.

आमच्याशी तिसऱ्या भेटीत ताई म्हणाल्या, "आजी गोष्ट सांगायची बघा, राक्षसाचा जीव पोपटात. मान पिरगाळली की संपला. ट्रंक रिकामी केली की हे खरंच जातील."

भीती त्या बाईची नव्हतीच. म्हणून आधी पोपटाची सोय केली: मूस घरातच राहील, तिला कुणी हात लावायचा नाही. मग कागद काढायला त्या तयार झाल्या.

कागद दिवसाउजेडी काढायचे, एका बैठकीला 40 मिनिटं, सोबत भरवशाचं एक माणूस. तिथे नणंद होती. आधी बँक, विमा, देणीघेणी. खासगी चिठ्ठ्या सर्वांत शेवटी. प्रत्येक कागदाचा फोटो, वहीत तारखेसह नोंद. काहीही जाळायचं नाही. सगळं एका रात्रीत वाचून काढणं आणि मध्यरात्री अनोळखी नंबर फिरवणं, इथेच घात होतो. सावकार दारात आला तरी वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. हातउसन्याच्या वसुलीला साधारण 3 वर्षांची मुदत असते, आणि मुदतीत लेखी कबुली दिली की ती नव्याने मोजली जाते. नवऱ्याचं कर्ज वारसाला फेडावं लागतं तेही वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच.

पावत्यांवरची ती बाई गलाईच्या दुकानात अ‍ॅसिडने भाजलेल्या पोराची आई निघाली. पाहुणे म्हणाले, "बघ, देवमाणूस होता." ताई मात्र जास्तच भडकल्या: "चांगलंच काम होतं, तर मला का नाही सांगितलं?" हा राग रास्त होता. पाहुण्यांना आम्ही स्पष्ट सांगितलं, की यजमानांचं कौतुक काही दिवस ताईंसमोर नको.

रागाला रोज संध्याकाळची 20 मिनिटं ठरवून दिली: मुशीसमोर बसून यजमानांना पत्र लिहायचं, पुन्हा वाचायचं नाही. वेळ संपली की उठून भाकरीला लागायचं. पहिलं पत्र चार ओळींचं होतं. "अहो" लिहून त्या बराच वेळ थांबल्या होत्या. सातव्या दिवशी वहीची तीन पानं भरली. एका चिठ्ठीवरचं नाव अजून कुणाला ओळखू आलेलं नाही. वहीत त्यापुढची जागा मोकळी ठेवली आहे.