वाचकांचे प्रश्न : दाणा मिक्स करून देणाऱ्यावर किती विसंबायचं?

यावेळी सांगली-साताऱ्याकडून आलेल्या पत्रांत प्लास्टिकच्या दाण्याचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून सगळे एकत्रच घेतलेत.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझी चार मोल्डिंग मशीनं आहेत. पुण्याच्या एका ऑटो पार्टीचं काम मिळालंय. ड्रॉइंगवर पीए 6 जीएफ 30, म्हणजे 30 टक्के काचेचे तंतू घातलेला नायलॉन 6, लिहिलंय आणि पार्टी म्हणते अमुकच कंपाउंडरकडून, म्हणजे दाणा मिक्स करून देणाऱ्याकडून, दाणा घ्या. साधा नायलॉन आणि काच वेगवेगळी आणून मशीनवरच मिक्स केली तर किलोमागं पैसे वाचतील ना? हा मधला माणूस कशाला पायजे?

उत्तर : दादा, पैसे वाचवायचा विचार चुकीचा नाही, पण या जॉबला तो लागू पडत नाही. तुमच्या मोल्डिंग मशीनचा स्क्रू एकच असतो आणि लांबीलाही कमी, त्याचं काम दाणा वितळवून मोल्डमध्ये ढकलणं. कंपाउंडरकडं जोडस्क्रूचा एक्स्ट्रूडर असतो, दोन्ही स्क्रू एकाच दिशेनं फिरतात आणि व्यासाच्या साधारण 40 पट लांब असतात, त्यातही कुठं मळायचं, कुठं नुसतं पुढं सरकवायचं हे तुकडे बदलून ठरवता येतं. नायलॉन 6 वितळतो 220 अंशाच्या आसपास. तो आधी वितळवून घेतात आणि काच मात्र मागनं, साइड फीडरनं, वितळलेल्या मालात सोडतात, कारण कडक दाण्याबरोबर सुरुवातीलाच टाकली तर तिचा चुरा होतो. काच टाकताना तीन-चार मिलिमीटरची असते आणि नीट केलेल्या दाण्यातसुद्धा ती मिलिमीटरच्या आत येते, मग तुम्ही हॉपरमध्ये हातानं मिसळून काय राहील ते बघा. शिवाय काच भिजलीच नाही तर पार्टवर पांढरे चट्टे येणार आणि पार्ट बॉसपाशीच, म्हणजे स्क्रू बसायच्या उंचवट्यापाशीच, तडकणार.

कलरचं वेगळं आहे. मास्टरबॅच, म्हणजे भरपूर रंग कोंबलेला दाणा, दोन-तीन टक्के मशीनवर टाकून सर्रास चालतं, कारण ते घट्ट मिश्रणसुद्धा आधी कंपाउंडरनंच मळून दिलेलं असतं. टाल्क (दगडाची पांढरी पूड), काच, आग न पकडणारं केमिकल हे मात्र मशीनवर करू नका.

आता मधला माणूस कशाला, तर पेट्रोकेमिकलवाले, म्हणजे नागोठणे किंवा हजिऱ्यासारखे प्लांट, वर्षाला लाखो टनांचा हिशोब करतात, ते तुमच्यासाठी पाचशे किलो राखाडी रंगाचा, काच घातलेला माल काढणार नाहीत. आणि तुम्ही मोल्डर, तुमच्याकडं एक्स्ट्रूडरही नाही नि लॅबही नाही. या दोघांच्या मधली जागा कंपाउंडर भरतो. पार्टीनं नाव ठरवून दिलंय कारण त्या दाण्यावर त्यांच्या टेस्ट होऊन मंजुरी मिळालेली असते, ती मंजुरी दाणा आणि दाणा करणारा दोघांना धरून असते. न विचारता दुसरीकडून घेतला आणि पार्ट फेल गेला तर सगळं तुमच्या अंगावर येईल. भाव जास्त वाटत असेल तर पार्टीशी बोला, दाण्याचा भाव त्यांनीच ठरवला असेल तर पार्टच्या भावात तो धरून मागायचा तुमचा हक्क आहे, आणि तो आपले लोक मागत नाहीत, हे मला खरंच खटकतं.

प्रश्न : आम्ही सातारा एमआयडीसीतले. आमचा व्हर्जिन (कोरा) नायलॉन आणि साठलेला रनर (मोल्डच्या वाटेत गोठून उरलेलं प्लास्टिक) एका कंपाउंडरला जॉबवर्कवर देतो, तो काच घालून दाणा करून देतो. दर वेळी वजन कमी भरतं. विचारलं की वेस्टेज म्हणतो. खरं बोलतोय का तो?

उत्तर : काही भाग खरा असणार. नायलॉन हवेतलं पाणी ओढतो, पावसाळ्यात तर उघडं पोतं दोन टक्क्यांपर्यंत सहज जातं. हजार किलोत दीड टक्का पाणी धरलं तरी पंधरा किलो झालं, ते ड्रायरमध्ये आणि एक्स्ट्रूडरच्या व्हॅक्यूममधून उडून जाणारच. मशीन चालू करतानाचे लंप्स (गोळे), स्ट्रँड (मशीनमधून निघणारी मालाची दोरी) तुटून पाण्याच्या टाकीत पडलेला माल, आणि आधीची बॅच काळी असेल तर ती साफ होईपर्यंतचं पर्जिंग हेही धरा. पण याला हिशोब असतो. पाठवतानाच ओलावा मोजून चलनावर लिहा, किती टक्के घट चालेल ते आधी लेखी ठरवा आणि लंप्स परत मागा, ते तुमचे आहेत. ज्याचं काम स्वच्छ आहे त्याला यात काहीच अडचण वाटत नाही.

पण वजनापेक्षा मला दुसरी काळजी वाटते, ती म्हणजे पोत्यात आलंय काय. जॉबवर्कमध्ये माल तुमचा आणि रेसिपीही तुमची, कंपाउंडर किलोमागं मजुरी घेतो. म्हणजे दाणा चुकला तर 'तुम्ही सांगितलं तसं केलं' म्हणायला तो मोकळा. तेव्हा रनर किती टक्के, काच किती, कुठल्या ग्रेडचा नायलॉन, हे कागदावर पाहिजे, आणि प्रत्येक लॉटमधला अर्धा किलो दाणा सील करून दोघांकडं ठेवायचा. भांडण लागलं की हाच दाणा बोलतो.

एक टेस्ट तुम्ही स्वतः करू शकता, एक छोटी मफल फर्नेस (लॅबची बंद भट्टी) घ्या. पाच ग्रॅम दाणा क्रुसिबलमध्ये 600 अंशाच्या आसपास पूर्ण जाळायचा, काच 30 टक्के असेल तर मागं दीड ग्रॅम राहतं. मग ते नीट बघा. काच असेल तर कापसाच्या गादीसारखा तंतूंचा सांगाडा दिसतो, भिंगाखाली धागे वेगवेगळे दिसतात. नुसती पांढरी पूड निघाली तर काचेच्या जागी कुणीतरी खडू किंवा टाल्क भरलंय. वजन दोन्हीकडं तेवढंच भरतं, म्हणून आकड्यावर थांबू नका.

आणि रनरबद्दल एक गोष्ट. काचवाला रनर दळून परत एक्स्ट्रूडरमधून काढला की काच आणखी तुटते, राख 30 टक्केच दाखवते पण पार्टची ताकद गेलेली असते. त्यामुळं राखेबरोबर टेन्साइल (ओढ सोसण्याची) आणि इम्पॅक्ट (धक्का सोसण्याची) टेस्टही मागा, आणि भार घेणाऱ्या पार्टला रनर जितका कमी तितकं बरं. पार्टीच्या स्पेसिफिकेशनमध्ये रनर चालतच नाही असं लिहिलं असेल तर तो विषयच संपला.

जीएसटीचं जाता जाता. सेक्शन 143 खाली टॅक्स न भरता माल जॉबवर्कला पाठवता येतो, पण एक वर्षाच्या आत परत आला पाहिजे किंवा तिथूनच टॅक्स भरून विकला पाहिजे, नाहीतर पाठवला त्या दिवसापासून तो विकला असं धरतात आणि व्याज लागतं. रनरची पोती तिकडं पडून राहतात आणि कुणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून चलनं महिन्याच्या महिन्याला जुळवा.

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. स्वस्तात घेतलेली ठिबकची नळी दोनच वर्षांत कडक होऊन तडकायला लागली. दुकानदार म्हणतो उन्हानं झालं. काळी नळी उन्हाला टिकतेच ना?

उत्तर : काका, काळी दिसते म्हणून टिकते असं नाही. नळीच्या पॉलिथिनला ऊन मारतं आणि त्याला अडवतो तो कार्बन ब्लॅक, तो दोन ते तीन टक्के पाहिजे आणि अगदी बारीक, सारखा पसरलेला पाहिजे. हा कार्बन नळीवाला बहुतेक वेळा मास्टरबॅचमधून घेतो, म्हणजे तुमच्या बागेतल्या नळीचं आयुष्य तुम्ही कधी न पाहिलेल्या एका कंपाउंडरच्या हातात असतं. मास्टरबॅचमध्ये 40 टक्के कार्बन असेल तर नळीत तो सहा टक्के घातला की 2.4 टक्के कार्बन येतो. तोच मास्टरबॅच स्वस्तातला, खडू भरलेला घेतला किंवा सहाऐवजी तीनच टक्के टाकला तर नळी तेवढीच काळी दिसते, पण आत कार्बन अर्धाच. त्यात भंगाराचा दाणा मिसळला असेल तर विचारायलाच नको.

डोळ्यांनी हे ओळखू येत नाही. घेताना नळीवर छापलेला आयएसआय मार्क, साध्या, आत ड्रिपर नसलेल्या लॅटरल नळीला आयएस 12786 आणि आत ड्रिपर असलेल्या इनलाइन नळीला आयएस 13488, आणि बॅच नंबर बघा, बिलावरही बॅच लिहून घ्या. आत्ताच्या नळीचा तुकडा आणि बिल असेल तर लेखी तक्रार करा, हा मार्क देणाऱ्या बीआयएसकडंही करता येते. नुसतं 'उन्हानं झालं' हे उत्तर घेऊन परत येऊ नका, ऊन सोसण्यासाठीच तर ती नळी बनवायची असते.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातली, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. वडील म्हणतात जागा आहे, कर्ज काढून जॉबवर्क कंपाउंडिंगचं युनिट टाकू. टाकावं का?

उत्तर : ताई, लगेच नको. मशीन विकत मिळतं, पण रोज दहा रंग बदलूनही एक पोतं दुसऱ्यासारखं काढायची सवय विकत मिळत नाही. आधी एखाद्या कंपाउंडरकडं वर्ष-दोन वर्षं लॅबमध्ये नि मशीनवर काढ. मेल्ट फ्लो कसा घेतात (पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीनला 230 अंशावर, 2.16 किलोच्या वजनाखाली, दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतं ते), ओलावा, राख, रंग जुळवणं हे हातात बसू दे. पुस्तकी पाया हवा असेल तर सीपेटचं, म्हणजे केंद्र सरकारच्या प्लास्टिक शिक्षण संस्थेचं, सेंटर छत्रपती संभाजीनगरला आहे.

धंद्याला वाव आहे, हे नक्की. 2022 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत कडक पॅकेजिंगमध्ये, म्हणजे डबे-बाटल्यांत, 2025-26 ला 30 टक्के आणि 2028-29 पर्यंत 60 टक्के रिसायकल माल वापरायचं ठरवलंय. हा माल सरळ करून द्यायला चांगल्या कंपाउंडरची गरज पडणारच. पण कर्जाच्या अर्जाआधी कुपवाड, मिरज आणि सातारा एमआयडीसीतल्या मोल्डरकडं जाऊन विचार की महिन्याला किती टन आणि कुठल्या ग्रेडचं काम नक्की देणार, आणि ते लेखी घे. तो कागद हातात आला की वडलांशी परत बोल.