नातवाचे दात किडले, यात आजीचा दोष किती?

प्रश्न : डॉक्टरताई, माझा नातू अडीच वर्षांचा आहे. त्याचे वरचे पुढचे चार दात आधी हिरडीजवळ पांढरे पडले, आता तपकिरी होऊन कडेने तुटायला लागलेत. मुलगा-सून कापूस वेचायला जातात, पोरगं दिवसभर माझ्याजवळ असतं. झोपताना त्याला साखर घातलेलं दूध बाटलीतूनच लागतं, रात्री उठला की पुन्हा बाटली. भाकरी मी चावून मऊ करून भरवत आले. सुनेने मोबाईलवर वाचलं की मोठ्यांच्या तोंडातले जंतू बाळाला लागतात. माझे चार-पाच दात किडलेले आहेत, मी मिश्री लावते. आता ती मला पोराचा मुका घेऊ देत नाही. शेजारीण म्हणते, 'दूधना दात शेतस, पडी जातीन.' दुसरी म्हणते, बाजारात धुरी देऊन दातातले किडे काढतात, तिकडे ने. माझ्यामुळेच झालं का हे? — एक आजी, पारोळा तालुका

उत्तर : मावशी, नातवाला खुशाल जवळ घ्या. सुनेने वाचलं ते खोटं नाही, पण ते अर्धंच आहे, आणि अर्ध्या माहितीवरून घरात भांडण होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दात किडवणारे जंतू बाळ जन्मताना सोबत आणत नाही. त्यातला मुख्य जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. क्लार्क नावाच्या संशोधकाने तो १९२४ साली लंडनमध्ये किडलेल्या दातांतून शोधून काढला. बाळाकडे तो घरातल्याच कुणाच्या तरी लाळेतून येतो. बहुतेक वेळा आईच्या, कारण सर्वांत जास्त सहवास तिचाच. पण बापाकडून, आजीकडून, भावंडांकडूनही येतो. तुमच्या नातवाकडे तो नक्की कुणाचा आला, हे तपासत बसण्यात काहीच अर्थ नाही.

कारण नुसत्या जंतूने दात किडत नाही. नुसत्या साखरेनेही नाही. १९५४ साली अमेरिकेत काही उंदीर पूर्ण जंतूविरहित जागेत वाढवले होते. त्यांना भरपूर साखर घातली तरी त्यांचे दात किडले नाहीत. दोन्ही एकत्र आले की मग काम बिघडतं. साखर मिळाली की हा जंतू तिच्यापासून चिकट थर बनवून दाताला धरून बसतो आणि आम्ल सोडतो. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच हे आम्ल दाताचं कवच विरघळवायला लागतं, आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. झोपेत तर लाळ फारच कमी सुटते. म्हणजे बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाच्या दातांवर ते गोड दूध तासन् तास तसंच साचून राहतं. साखरेऐवजी गूळ घातला तरी तेच.

नातवाचे खालचे पुढचे दात बघा. ते बहुधा चांगले असतील. बाटली चोखताना खालच्या दातांवर जीभ असते, शिवाय तिथे लाळही भरपूर येते. वरचे दात मात्र उघडे पडतात. वरचे चार किडलेले आणि खालचे शाबूत असं दिसलं की मी घरच्यांना पहिला प्रश्न रात्रीच्या बाटलीचाच विचारते.

तेव्हा पहिलं काम बाटलीचं. एकदम बंद केली तर तो रडून घर डोक्यावर घेईल, आणि दिवसभर वेचणी करून आलेल्या त्याच्या आईला झोप मिळणार नाही. आधी साखर थोडी थोडी कमी करत शून्यावर आणा. मग दर दोन दिवसांनी दुधात पाणी वाढवत न्या, शेवटी बाटलीत फक्त पाणीच राहील. दूध संध्याकाळच्या जेवणाबरोबर वाटीने किंवा पेल्याने पाजा. आठ-पंधरा दिवस त्रास होईल, पण यात माघार घेऊ नका. दिवसा चहात बुडवलेला टोस्ट, ग्लुकोजचं बिस्कीट, दुकानातली गोळी असं तासातासाला हातात देणं थांबवा. आखाजीला आमरस-पुरणपोळी जेवणात पोटभर खाऊ द्या, त्याची मला एवढी काळजी नाही. दिवसातून किती वेळा गोड तोंडात जातं, त्याची आहे.

दुसरं काम ब्रशचं. अडीच वर्षांच्या मुलाला स्वतःला दात घासता येत नाहीत. ओट्यावर उजेडात बसा, त्याचं डोकं तुमच्या मांडीवर घ्या, पाय त्याच्या आईच्या मांडीवर. डाव्या हाताच्या बोटाने वरचा ओठ वर उचला आणि हिरडीच्या कडेला नीट बघा. तिथे पांढरी निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते, आणि त्या टप्प्यावर दात अजून सावरू शकतो. लहान मऊ ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन सकाळी आणि झोपण्याआधी घासा. एवढीशी गिळली गेली तरी घाबरू नका. तीन वर्षं झाली की वाटाण्याएवढी चालेल. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काहीही द्यायचं नाही.

आता तुमच्याबद्दल. चावलेला घास भरवणं मात्र थांबवा. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करली तरी मऊ होते. तुमच्या किडलेल्या दातांवर उपचार करून घ्या. तोंडातली कीड कमी झाली की लाळेतले जंतूही कमी होतात, आणि उद्या दुसरं नातवंड आलं तर त्याला त्याचा फायदाच आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती सोडा, आणि पोराच्या हिरड्यांना तर कधीच लावू नका.

धुरी देणाऱ्याकडे नेऊ नका. दातात अळ्या नसतात, त्या काढून दाखवणारा फसवतो. दुधाचे दात पडतात हे खरं, पण पुढचे दात तो सहा-सात वर्षांचा झाल्यावर पडतात आणि दाढा दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत टिकतात. एवढी वर्षं पोराने दुखऱ्या तोंडाने जेवायचं का? दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, कीड लवकर दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचते. म्हणून या आठवड्यातच त्याला दंतवैद्याकडे न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, ते मुलांचे दातही बघतं. अंगणवाडीताईंना तारीख विचारून ठेवा, पण तोवर थांबू नका. हिरडीवर पुटकुळी आली तर लगेच न्या. गाल सुजला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि सूनबाई, ही चार ओळी तुमच्यासाठी. तुम्ही वाचलंत, शोधलंत, हे चांगलं केलंत. पण तुम्ही शेतात असताना पोराला सांभाळणारी माणूस एकच आहे. रात्रीचा ब्रश तुम्ही घ्या, दिवसाचं खाणं सासूबाई बघतील. मुका घेऊ द्या.

प्रश्न : मुलीच्या दोन दाढा किडल्यात. ती खुर्चीवर बसूच देत नाही. डॉक्टर म्हणाले, ड्रिलऐवजी एक औषध लावू, पण दात काळा पडेल. लावू द्यावं का? — एक वडील, शिरपूर

उत्तर : लावू द्या. ते सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड असावं. त्यातली चांदी जंतू मारते आणि फ्लोराइड किडलेला भाग कडक करतं. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, मिनिटभराचं काम. काळा होतो तो किडलेला भागच, चांगला दात होत नाही, आणि मागच्या दाढा कुणाला दिसत नाहीत. हिरडीला किंवा गालाला लागलं तर तिथला डाग काही दिवसांत जातो. एकदा लावून सोडू नका, साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. रात्री आपोआप दुखत असेल किंवा हिरडी सुजली असेल तर मात्र कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेली असते. तिथे हे औषध चालत नाही, डॉक्टरांना तसं आधीच सांगा.