एका माशासाठी एवढं रडू येणं बरोबर आहे का?

“मॅडम, हसू नका, पण माझा मासा गेला.” समुद्री मासे पाळणारी माणसं समुपदेशनाला येतात, तेव्हा बोलणं बहुतेकदा इथूनच सुरू होतं. हसू नका हे आधीच सांगावं लागतं, कारण घरी किंवा कामावर कुणीतरी हसलेलं असतं. मग दोन प्रश्न येतात. पहिला लगेच येतो: एका माशासाठी एवढं रडू येणं बरोबर आहे का? दुसरा बऱ्याच वेळाने, आवाज खाली आणून: तो माझ्यामुळे मेला का?

पहिल्याचं उत्तर देऊन टाकते. हो, बरोबर आहे. कुत्रा गेला तर शेजारी दोन शब्द बोलतात. मासा गेला तर “दुसरा आणा की” म्हणतात. ज्या दुःखाला भोवतालची माणसं दुःख मानतच नाहीत, त्यावर अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये पुस्तक संपादित केलं. तेव्हापासून आमच्या क्षेत्रात हे मान्य आहे की असं दुःख लहान नसतं, ते फक्त लपून करावं लागतं. लपवलेलं दुःख लांबतं.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागतो. त्यासाठी एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतात. घरी चार फुटांचा, सुमारे ३०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे घरातला छोटा समुद्री खडक. खडक, एक अ‍ॅनिमोनी (क्लाउनफिश ज्याच्या शुंडकांत राहतात तो समुद्री प्राणी), कोळंबी आणि मोजके मासे. त्यातली केशर ही क्लाउनफिश मादी नऊ वर्षांची. चांगल्या टँकमध्ये क्लाउनफिश दहा वर्षांहून जास्त जगतात, त्यामुळे ती अजून बरीच वर्षं राहील असंच घर धरून चाललं होतं.

सोलापुरात समुद्री टँक सांभाळणं म्हणजे काय, हे कळल्याशिवाय या माणसाचं दुःख कळणार नाही. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं ते जड. म्हणून आधी आरओ, मग त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅमच्या हिशोबाने समुद्री मीठ, मग रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजायच्या उपकरणावर १.०२५ आलं का ते बघायचं. मे महिन्यात बाहेर ४३ अंश आणि टँकमध्ये २६ ठेवायचे. उन्हाळ्यात रोज काही लिटर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. हे सगळं नऊ वर्षं, रोज, ड्युटीला जायच्या आधी. जो जीव आपल्या हातच्या पाण्यावर जगतो, त्याचं मरणही आपल्याच हातून झालं असं वाटतं. रीफ पाळणाऱ्यांचा अपराधीपणा इतरांपेक्षा मोठा का असतो, याचं कारण मला इथे सापडलं.

सुरुवातीला ते एकच गोष्ट सांगत राहिले.

“त्या रात्री लाइट गेली. इन्व्हर्टर ट्रिप झाला. दीड तास पंप बंद, आणि मी झोपलेलो. मेंटेनन्सचा माणूस मी, मॅडम. सकाळी बघतो तर केशर तळाला पडलेली. आता रोज रात्री दोनला जाग येते. टँकसमोर जाऊन बसतो. बायको म्हणते, माशाचं सुतक पाळताय का.”

अशा वेळी “तुमची काही चूक नाही हो” असं म्हणायचा मोह कुणालाही होतो. घरच्यांनी ते म्हणून झालेलं असतं आणि त्याचा उपयोग झालेला नसतो. तपास न करता दिलेली निर्दोष सुटका माणसाचं मन मान्य करत नाही.

मी वेगळंच विचारलं. “कारखान्यात लूम बंद पडला, तर तुम्ही पहिलं काय करता?”

“ब्रेकडाउन रजिस्टर बघतो. किती वाजता बंद पडला, आधी काही आवाज येत होता का, कुणी काय बदललं.”

“ऑपरेटरला विचारता का, तू नालायक आहेस का म्हणून?”

“नाही ओ. तसं विचारलं तर खरं कोण सांगेल? लपवतीलच की.”

बोलून झाल्यावर ते गप्प झाले. स्वतःला ते गेले कित्येक आठवडे नेमकं तेच विचारत होते.

पुढच्या भेटीला ते वही घेऊन आले. फक्त घटना लिहायच्या, ‘मी’ने सुरू होणारं कुठलंही मत लिहायचं नाही, एवढाच माझा नियम होता. केशर गेली तो शनिवार. त्याच्या तेरा दिवस आधी, रविवारी, पुण्याहून एक नवा मासा आणला. पिशवी वीस मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवली, मग मासा थेट मोठ्या टँकमध्ये. बुधवारी संध्याकाळी केशर खायला उशिरा आली. गुरुवारी ती वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड करून उभी राहिली, कल्ले भराभर हलत होते, खाल्लं नाही. शुक्रवारी दिवे लागले की खडकामागे जात होती. नवा मासा अंग खडकाला घासत होता. शुक्रवारी मध्यरात्रीनंतर वीज गेली, दीड तासाने आली. सकाळी सहाला तापमान २७.४. केशर मेलेली. संध्याकाळी नवा मासाही मेला. कोळंबी आणि केशरचा नर जिवंत.

वही मी त्यांनाच मोठ्याने वाचायला लावली. शुक्रवारपर्यंत येऊन ते थांबले.

“म्हणजे लाइटच्या आधीच आजारी होती ती.”

होती. ३०० लिटर पाण्यात मोजकेच मासे असतील तर दीड तासात सहसा ऑक्सिजन संपत नाही. तो संपला असता, तर सगळेच मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकताना दिसले असते. धारेत उभं राहणं, उजेड टाळणं, खाणं सोडणं, भरभर श्वास, आणि तीन-चार दिवसांत मृत्यू: ही लक्षणं मरीन वेल्व्हेटची, म्हणजे अ‍ॅमिलूडिनियम या परजीवीची. तो आधी कल्ल्यांवर बसतो. अंगावर सोनेरी धुळीसारखा थर दिसायच्या आतच मासा गुदमरून जाऊ शकतो. खराब झालेल्या कल्ल्यांना त्या दीड तासाचा त्रास नक्कीच झाला असेल, हेही मी सांगितलं. अर्धं सत्य सांगून दिलेला दिलासा टिकत नाही.

“मग तो नवा मासा. पण तोही मीच आणला की.”

“हो. तुम्हीच आणलात. आणि वेगळा न ठेवता सोडलात.”

त्यांनी दचकून वर पाहिलं. मी समजूत घालेन अशी त्यांची अपेक्षा असावी. बराच वेळ ते वहीकडे बघत राहिले. “चार आठवडे वेगळा ठेवायचा असतो, माहीत होतं मला. दुसरा टँक मांडायला जागा नव्हती. म्हटलं, एकदा काय होतंय.” मग वही मिटली, आणि एकदम म्हणाले, “रोज सकाळी काच पुसायला हात घातला की बोटाला येऊन चावायची ओ ती. नऊ वर्षं.” आणि ते रडले. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

या क्षणाकडे नीट पाहा. तोपर्यंतच्या भेटींत केशर कशी होती, याबद्दल ते एक शब्दही बोलले नव्हते. ते झोपलेले होते, ते चुकले, ते मेंटेनन्सचे असून कमी पडले: सगळं बोलणं स्वतःबद्दल. अपराधीपणा दुःखाच्या जागेवर बसून होता. वहीने त्यांना निर्दोष ठरवलं नाही, उलट खरी चूक दाखवली. तरी ओझं हलकं झालं. धूसर अपराधाला अंत नसतो, कारण त्याचं काय करायचं ते कळत नाही. नेमक्या चुकीचं काहीतरी करता येतं: वेगळा टँक मांडता येतो, त्यात औषध म्हणून घातलेलं कॉपर मोजता येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आयुष्यभर हेच शिकवलं, की कृतीला चूक म्हणा, त्यावरून आख्ख्या माणसाला शिक्का मारू नका. माझं काम त्याच वाटेवरचं आहे, आणि माशांच्या बाबतीतही ही वाट तितकीच चालते याचं मला समाधान आहे.

तुमचाही मासा नुकताच गेला असेल, तर वही आजच लिहा, आठवण ताजी असताना. शेवटचे चौदा दिवस पुरतात. नवं काय आलं (मासा, खडक, दुसऱ्या टँकचं पाणी, जाळी), कुणी कधी खाल्लं नाही, श्वास कसा होता, तापमान, क्षारता, अमोनिया (कुजण्यातून पाण्यात येणारं विष), वीज कधी गेली. एकदाच लिहा, जाणत्या माणसाला एकदा दाखवा, आणि बंद करा. रोज रात्री नवा तपास सुरू करणं हा तपास नव्हे, ती शिक्षा आहे.

त्याआधी हातातलं काम. मेलेला मासा लगेच बाहेर काढा. सापडत नसेल तर खेकडे आणि किडे रात्रीत त्याला संपवतात, तेव्हा शोधण्यासाठी सगळे खडक उचकटू नका. अमोनिया मोजा, दिसला तर २० ते २५ टक्के पाणी बदला, फिल्टरमध्ये ताजं कार्बन लावा. देह तलावात किंवा कमोडमध्ये टाकू नका. बागेत फूटभर खोल पुरलेला बरा, म्हणजे मांजर उकरत नाही.

उरलेले मासे लगेच वेगळ्या टँकमध्ये हलवा. ४० लिटरची साधी काच, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचा एल्बो. वाळू आणि खडक नको, ते कॉपर शोषून घेतात. वेल्व्हेटसाठी चिलेटेड कॉपर (बांधलेल्या स्वरूपातलं तांब्याचं औषध) बहुतेक २.२५ ते २.५ पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत तेवढे भाग, ठेवतात. ही पातळी दोन दिवसांत हळूहळू चढवायची, कॉपर टेस्ट किटने रोज मोजायची आणि ३० दिवस टिकवायची. साध्या आयोनिक कॉपरचं प्रमाण याच्या कितीतरी कमी असतं, म्हणून बाटलीवरची सूचना वाचा. अमोनिया रोज बघा, पण तो बांधणारं औषध कॉपरसोबत घालू नका, कॉपर विषारी होतं. वाढला तर पाणी बदला आणि तेवढंच कॉपर पुन्हा घाला. मुख्य टँकमध्ये कॉपर कधीही नाही. अ‍ॅनिमोनी, कोळंबी, गोगलगायी सगळं जाईल.

नवा मासा आणण्याची घाई नको. “दुसरा आणू, म्हणजे विसरशील” असं घरचे प्रेमाने म्हणतात, पण परजीवी टँकमध्येच असतो. मासे नसलेला टँक वेल्व्हेटसाठी सहा आठवडे रिकामा ठेवायला सांगतात, इकसाठी (अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या दुसऱ्या परजीवीसाठी) ७६ दिवस. नेमकं कुठलं होतं ते पक्कं नसेल तर ७६ धरा. आमच्या गृहस्थांनी ७६ धरले. या काळात टँकला काम असतंच. अ‍ॅनिमोनीला खाऊ, जिवाणू जगावेत म्हणून आठवड्यातून दोनदा चिमूटभर खाद्य, आरओची भर, पाणी बदलणं. त्यांची सकाळची सवय तुटली नाही, आणि रात्री दोनची जाग हळूहळू गेली. दुःख करायला मिळालेली ही मुदत मी नव्हती ठरवली, परजीवीच्या जीवनचक्राने ठरवली. पण मला तीच योग्य वाटते.

त्यांच्या मुलीला घरी सांगितलं होतं, केशर समुद्रात गेली. ती रोज विचारायची, परत कधी येणार. मुलांना ‘मेली’ हाच शब्द सांगा. का मेली तेही सांगा: नव्या माशासोबत आजार आला, तो आपल्याला दिसला नाही. असं सांगितलं नाही, तर आपण जास्त खाऊ टाकला म्हणून ती मेली, असं काहीतरी मुलं स्वतःच ठरवून बसतात. या मुलीने तसंच ठरवलं होतं.

त्यांच्या पत्नीने विचारलं, मी आता काय बोलू. मी म्हटलं, समजूत घालू नका, केशरबद्दल विचारा. ती कशी चावायची, अ‍ॅनिमोनीत कशी झोपायची. ऐकणारं माणूस असलं की एवढं पुरतं. मात्र झोप, जेवण, काम कित्येक आठवडे सावरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि जगणंच नकोसं वाटत असेल, तर वाट न बघता टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला. दुःख माशाचं आहे म्हणून लाज वाटू देऊ नका.

नर उरला असेल तर त्याला जोडीदार कसा आणायचा, हे शेवटी सगळेच विचारतात. क्लाउनफिश जन्मतः नर असतात, गटातला वरचढ मासा मादी होतो. मादी गेली की उरलेला नर काही आठवडे-महिन्यांत स्वतः मादी होऊ लागतो. म्हणून त्याच्यासाठी मादी शोधू नका. ती आणलीत तर दोघं भांडतील, कदाचित एक मरेल. त्याच्यापेक्षा बराच लहान, कोवळा मासा आणा. आधी चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. शांत असताना मिनिटाला कल्ले किती वेळा हलतात ते मोजून वहीत लिहा, म्हणजे पुढे श्वास वाढला तर त्याच दिवशी कळेल. आणि मुलांनी कितीही हट्ट केला तरी त्याचं नाव केशर ठेवू नका.