घराची दुखणी: गच्ची कुणाची?

प्रश्न: आमची सोसायटी छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात आहे. 24 सदनिका, चार मजले, बांधकाम 1998 चं. तीन पावसाळ्यांपासून वरच्या मजल्यावरची सहाही घरं गळतात. एका घरात स्लॅबचा पोपडा पलंगावर पडला, आतल्या गंजलेल्या सळया दिसतात. खालचे म्हणतात, "गच्चीवर पापड-कुरडया वरचे वाळवतात, खर्चही त्यांनीच करावा." ठेकेदार जुन्या कोब्यावरच (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या पाणीरोधक थरावर) नवा कोबा टाकून सव्वातीन लाखात दहा वर्षांची गॅरंटी देतो म्हणतो. मेंटेनन्स सरसकट 400 रुपये. वॉचमन, टँकर आणि जिन्याच्या दिव्यांतच तो संपतो. काय करावं?
— सचिव, 24 सदनिकांची सोसायटी

उत्तर: सचिवसाहेब, पापड कुणाचेही असोत, गच्ची सगळ्यांची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे बाय-लॉजमध्ये, हे स्वच्छ लिहिलंय: गच्ची, कठडे, बाहेरच्या भिंती, जिना, टाक्या, सामाईक पाइप यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चानं. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला, तर तोसुद्धा संस्थेनंच करून द्यायचा. उलट, एकाच्या संडास-मोरीतून खालच्याच्या घरात गळत असेल तर तो त्या सभासदाचा खर्च. हे पान झेरॉक्स करून नोटीस बोर्डावर लावा.

पण त्याआधी एक बघा. मे महिन्यात ती छतं कोरडी असतात का? मेमध्येही ओल असेल तर पावसावर आळ घेऊ नका, टाक्या तपासा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे ज्यानं त्यानं गच्चीवर आपापली काळी टाकी मांडलेली. परवा एका सोसायटीत गेलो होतो. हजार-हजार लिटरच्या अकरा टाक्या, विटांच्या ठोकळ्यांवर, नेमक्या स्लॅबच्या मधोमध. हजार लिटर म्हणजे एक टन. त्यातल्या एकीचा ओव्हरफ्लोचा पाइप अर्ध्यात तुटलेला, पाणी थेट कोब्यावर. तिथं शेवाळाचा हिरवा पट्टा होता आणि बरोबर त्याच्याखाली गळणारं घर. शेजारी कठड्याच्या फटीत बोटभर पिंपळ. "दरवर्षी कापतो की," वॉचमन म्हणाला. कापून काय होतंय, मूळ आत वाढतंच आहे.

आता कोब्यावर कोबा. हे वाचलं आणि मला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीच्या आणि मजबुतीकरणाच्या कामावर मी कनिष्ठ अभियंता होतो, नोकरीला नवाच. माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं. मृगाच्या आधी गळू नये म्हणून दरसाल वर मातीचा नवा थर द्यायची रीत. एका गावात माळवद उकरायला घेतलं; कुदळ दोन फूट आत गेली तरी माती संपेना. घरधनी म्हातारबाबा म्हणाले, "बापानं टाकली, म्या टाकली. काढायची कुनी सांगितलंच न्हाई." त्या पहाटे असंच वजन झोपलेल्या माणसांवर आलं होतं.

आरसीसीचा स्लॅब माळवदासारखा दगड-मातीच्या भिंतींवर टेकलेला नसतो, हे खरं. पण वजन ते वजनच. चार इंची विटकरीचा कोबा चौरस फुटाला 18-20 किलो भरतो. तुमची गच्ची 4,500 फूट धरली तर 80 टनांच्या पुढेमागे. एवढं ओझं आत गंजलेल्या स्लॅबवर आणखी चढवायचं? जुना कोबा आधी काढायचा, आणि काढतानाही ब्रेकर जपून चालवायचा. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते, म्हणून पोपडा पडतो. त्यावर नुसता गिलावा म्हणजे गळवावर पावडर. सैल काँक्रीट काढून, सळई चकाकेपर्यंत घासून, गंजरोधक लावून मगच पॉलिमर मॉर्टर (रसायन मिसळलेला सिमेंटचा मसाला). सळई फार झिजली असेल तर जोडसळई द्यायची की नाही, ते स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल.

तो इंजिनिअर तुम्ही शोधा, ठेकेदारानं आणलेला नको. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी, 30 च्या पुढे दर तीन वर्षांनी, असंही उपविधींत आहे. तुमचं एकदाही झालेलं दिसत नाही.

पैसे. दुरुस्ती निधी म्हणून दरसाल सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या (जागेची किंमत सोडून) किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी) म्हणून किमान पाव टक्का जमा करायचा असतो. बांधकाम खर्च घरटी 4 लाख धरू. वर्षाला 3,000 आणि 1,000, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आतच. 24 घरांचे वर्षाला 96,000, पंचवीस वर्षांत व्याज न धरता 24 लाख. ते आज नाहीत, म्हणून जादा वर्गणी मागावी लागणार. सर्वसाधारण सभेत ठराव करा, हप्ते बांधून द्या आणि त्याच सभेत हे दोन्ही निधी सुरू करा. थकबाकीवर नियमात बसेल तेवढं सरळव्याज लावता येतं, आणि शेवटी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखलाही मिळतो. पण तिथपर्यंत बहुतेक जात नाही. सभा पार्किंगमध्ये घेऊ नका. त्या बेडरूममध्ये घ्या, उघड्या सळयांखाली. तळमजल्यावाल्यांना बरोबर मधोमध बसवा.

काम झाल्यावर गच्चीचं पाणी वाहून जायच्या तोट्या बंद करून दोन इंच पाणी 48 तास साठवून बघायचं. पूर्ण गच्चीला वीस हजार लिटर लागतील, म्हणजे दोन मोठे टँकर. आपल्या गावात कुणी करू देणार नाही. म्हणून विटांचे बांध घालून गच्चीचे चार भाग करा आणि एका भागातलं पाणी मोटरनं पुढच्या भागात घ्या. बिलातले दहा टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवा. दहा वर्षांच्या गॅरंटीचं म्हणाल, तर ठेकेदाराचा पाच वर्षांपूर्वीचा मोबाइल नंबर आज लागतो का, ते आधी त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला विचारा.

प्रश्न: आमच्या इमारतीला 33 वर्षं झाली. महापालिकेची नोटीस आली आहे. पाडणार का? मुंबईला भावाच्या चाळीची दुरुस्ती म्हाडानं केली, तशी इथं होईल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर: नोटीस नीट वाचा. 30 वर्षांवरच्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं कायद्यानं मालकांवर आहे. बहुतेक तीच असेल. अहवालात इमारतीची वर्गवारी येते. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-2बी म्हणजे राहत्या घरात मोठी दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ. नोटीस दडवून ठेवली आणि काही पडलं, तर मात्र पहिलं बोट तुमच्याकडेच येईल.

भावाचं वेगळं आहे. मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे, त्यासाठी तिथं वेगळा उपकर घेतात. नांदेडला तो करही नाही आणि ते मंडळही नाही. आपली झोळी आपणच शिवायची.

प्रश्न: सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचाय. अनुदान आहे म्हणतात. दुरुस्ती नंतर केली तर चालेल का?
— अध्यक्षा, लातूर

उत्तर: नाही, ताई. पीएम सूर्यघर योजनेत सामाईक विजेसाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे, मोटर आणि लिफ्टचं बिल चांगलंच उतरेल. पण पॅनल एकदा बसले की त्यांच्याखालची गच्ची कुणी दुरुस्त करत नाही. आधी वॉटरप्रूफिंग. स्टँडचे पाय कोब्यात भोकं पाडून ठोकू देऊ नका, काँक्रीटचे ठोकळे करून घ्या. वळवाच्या वाऱ्याला ते पुरतील का आणि ठोकळ्यांचं ओझं स्लॅब घेईल का, हे दोन्ही इंजिनिअरकडून लेखी घ्या. एक पावसाळा कोरडा जाऊ द्या, मग दिवाळीत पॅनल चढवा.