पहिला वूशिया चित्रपट मित्रासोबत बघताना

वूशिया म्हणजे युद्धकलेत पारंगत वीरांच्या चिनी कथा. असा चित्रपट संधी मिळाली तर मोठ्या पडद्यावरच बघा, आणि मूळ चिनी आवाजात. डबिंगमध्ये निम्मी मजा जाते. अगदी पुढे मात्र बसू नका. सबटायटल वाचता वाचता नेमका वार निसटतो.

माणसं छपरांवरून उडायला लागली की सोबतचा मित्र हमखास हसतो. त्याला आधीच सांगून ठेवा, की इथे हे गृहीतच धरलेलं असतं: कठोर साधनेनं शरीर हलकं होतं. एकदा हे मान्य केलं की डोळे भलतीकडे शोधाशोध करत नाहीत.

मारामारीत हातांपेक्षा पावलांकडे बघा. आंग ली यांच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये (२०००) रात्रीचा पाठलाग जवळजवळ नुसत्या तालवाद्यांवर चालतो, आणि पावलं त्याच लयीत पडतात. त्यातल्या मिशेल यो यांनी बॅले शिकलेलं आहे. शस्त्र बदलताना त्यांचा तोल बघा, काय सुंदर सांभाळतात! थिएटरच्या स्पीकरवर तो ताल छातीत जाणवतो, म्हणून तेवढा वेळ तरी कुजबुज नको.

कथेतली नाती सुरुवातीला गोंधळात टाकतील. गुरू कोण, शिष्य कोण, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. बाकीचं मित्राला बाहेर पडल्यावर विचारा.