आधीच्या मालकाने काढलेली आडभिंत आणि आताची नोटीस

आपण कळवल्याप्रमाणे, इंग्लंडमधील एका खेड्यातला ‘ग्रेड २’ यादीतला (म्हणजे कायद्याने संरक्षित ऐतिहासिक इमारतींच्या यादीतला) जुना पब आपण दोन वर्षांपूर्वी विकत घेतला. आधीच्या मालकाने २००९ च्या सुमारास दोन लहान बैठकांमधली ओकची आडभिंत काढून एकच बार केला आणि बाहेरच्या लाकडी सांगाड्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. हे सर्व पूर्ववत करण्याची नोटीस आता कौन्सिलने आपल्याला बजावली आहे. इतकी वर्षे उलटली आणि यादीतील नोंदीत आतल्या भागाचा उल्लेखही नाही, हे आपले दोन्ही मुद्दे टिकणारे नाहीत. १९९० च्या सूचीबद्ध इमारतींच्या कायद्यानुसार, एखादा भाग स्पष्टपणे वगळलेला नसेल तर, संरक्षण आतबाहेर सारखेच असते आणि अशा नोटिशीला मुदतीची मर्यादा नाही.

परवानगीविना बदल करण्याचा, या कायद्याच्या कलम ९ खालचा गुन्हा काम करणाऱ्याचा किंवा करवून घेणाऱ्याचा आहे, आपला नव्हे. मात्र बदल पूर्ववत करण्याची कलम ३८ ची नोटीस इमारतीच्या चालू मालकावर बजावता येते आणि ती न पाळणे हा आपला स्वतंत्र गुन्हा ठरेल. म्हणून नोटीस अमलात येण्याच्या तारखेपूर्वी अपील दाखल करा. निकाल लागेपर्यंत नोटीस स्थगित राहते.

गिलाव्याबाबत मात्र भांडू नये, असे माझे मत आहे. सिमेंटमागे अडकलेले पाणी ओकचे खांब आणि तळची तुळई आतून कुजवते. जुन्या वाड्यांतला चुन्याचा गिलावा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करण्याची पद्धत कौन्सिलच्या वारसा-अधिकाऱ्याकडून लेखी मान्य करून घ्या.

आडभिंतीचा प्रश्न अवघड आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात वरच्या तुळईच्या खालच्या अंगाला ओळीने रिकाम्या खाचा दिसतात. त्यावरून ती भिंत नंतर घातलेला पडदा नसून मूळ सांगाड्यात सांधलेली असावी, असे कौन्सिल म्हणेल. एखाद्या जाणकार वास्तुतज्ज्ञाकडून त्या खाचांचा काळ ठरवून घेतल्याशिवाय ‘बदलाला मंजुरी मिळायला हवी होती’ हा अपिलाचा आधार घेऊ नये.

विक्रेत्याने खरेदीपूर्व प्रश्नावलीत ‘परवानगीविना कोणतेही बदल झालेले नाहीत’ असे उत्तर दिले असल्यास चुकीच्या निवेदनाबद्दल भरपाईचा दावा करता येईल. त्याला साधारणतः सहा वर्षांची मुदत असते, पण करारातील दायित्व-मर्यादेची कलमे आधी वाचावी लागतील. मागच्या कोठारात पडलेल्या ज्या ओकच्या फळ्यांचा आपण उल्लेख केला आहे, त्या काढलेल्या आडभिंतीच्याच असू शकतात, म्हणून तूर्त कोणालाही विकू किंवा जाळू देऊ नका.