चौफाकी पाचर आणि ८० दिवसांचा हिशेब

प्रश्न : जुन्नर तालुक्यात माझी जळाऊ लाकडाची वखार आहे. लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन दोन वर्षांपूर्वी घेतलं. आता विक्रेता त्याला बसणारी चौफाकी पाचर देतोय. एका दाबात ओंडक्याच्या चार फाका होतात. किंमत ४८,००० रुपये अधिक कर. आधी अनामत भरून पंधरा दिवस वापरून बघा म्हणतो. एका मजुराची ६०० रुपये रोजी वाचेल, म्हणजे ८० दिवसांत पैसे वसूल. त्यासाठी दोन लाखांची ठेव मोडू का? दुसरी शिल्लक नाही.

उत्तर : वापरून जरूर बघा. ठेव मोडू नका, आणि तो ८० दिवसांचा आकडा आजच खोडा.

‘अधिक कर’ हे दोन शब्द तुम्ही हिशेबात धरलेलेच नाहीत. अशा यंत्रसामग्रीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिशातून ५६,६४० रुपये जाणार. एखादा कारखानदार हा कर विक्रीवरच्या करातून वळता करून घेतो. जळाऊ लाकडावर जीएसटीच नाही, त्यामुळे तुमची वजावट कशातून होणार? आयकरातही आशा नको. तुम्ही उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने अंदाजित नफा दाखवता. त्या पद्धतीत यंत्राचा घसारा वेगळा मिळत नाही.

आता मजुरी. रोजंदारीवरचा माणूस दुपारी दोनला मोकळा झाला म्हणून अर्धी रोजी देऊन त्याला घरी धाडणार आहात का? तोच टेम्पो भरतो, तोच थप्प्या लावतो. मशीनवर वाचलेला वेळ तिकडे जिरतो, गल्ल्यात येत नाही. फोडणी टनावर, उक्ती दिलेली असती तर गोष्ट निराळी होती. रोज अर्धा दिवस खरोखर वाचला असं धरलं, तरी ३०० रुपयांनी १८९ दिवस लागतात, आणि तेही वखार चालू असतानाचे दिवस. मधला पावसाळा धरलात की वसुली पुढच्या वर्षात जाते.

मशीनच्या पाटीचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर, दाब १६० बार. याचा जोर १३ टनांच्या आतच भरतो, विक्रेता खुशाल ‘२० टनी’ म्हणू दे. साध्या पाचरीला तेवढा पुरतो. चौफाकीला एकाच वेळी उभंही चिरायचं असतं आणि आडवंही. सरळ खोडाच्या सुबाभळीत ते होईल; गाठींच्या बाभळीत ओंडका मध्येच अडकेल आणि तो सोडवायला पुन्हा घण हातात घ्यावा लागेल. म्हणून चाचणी तुमच्या वखारीतल्या सगळ्यात वाईट मालावर करा. एक आठवडा जुनी पाचर, एक आठवडा नवी, माणसं तीच. रोजचे टन, डिझेल आणि अडकलेले ओंडके वहीत उतरवा. विक्रेत्याच्या माणसाने एकदा फोडून दाखवलं, ती चाचणी नव्हे.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की निम्मा माल मुंबईच्या बेकऱ्यांना जातो. मला खरी काळजी त्याची वाटली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. अंमलबजावणी कुठे रेंगाळेल, कुठे पळवाटा निघतील, पण हे गिऱ्हाईक वाढणारं नाही. स्मशानाला जाणाऱ्या मालाला जाड ओंडकेच लागतात. मग बारीक फोडलेला माल उरतो तो ढाबे, लग्नाचे आचारी आणि शेतघरं यांच्यापुरता. त्यांची मागणी महिन्याला किती टन आहे, हे पाचरीआधी मोजा. फोडणी कमी पडते म्हणून ऑर्डर परत गेली, असं गेल्या हंगामात एकदाही झालं नसेल, तर फोडणीचा वेग ही तुमची अडचणच नाही.

ठेव ही तुमच्या घराची एकमेव गंगाजळी आहे. मुदतीआधी मोडलीत तर बहुतेक बँका व्याजही कापतात. चाचणीत पाचर उत्तीर्ण झालीच, तर लग्नसराईच्या गल्ल्यातून घ्या. फारच घाई असेल तर ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. दर साधारणपणे ठेवीच्या व्याजाहून एक-दोन टक्के जास्त असतो.

चाचणीआधी दोन्ही मजुरांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा त्यांच्या बँकेतून उतरवून घ्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. मात्र एक हात कायमचा निकामी झाला तर १ लाख देणाऱ्या या योजनेत बोटांचा उल्लेख नाही, आणि या कामात धोका बोटांनाच असतो. तेव्हा मजुरांसाठी वेगळी अपघात पॉलिसीही विचारून ठेवा. तिचा हप्ता पाचरीच्या खर्चात धरा. अनामत किती दिवसांत परत आणि चाचणीत पाचर वाकली तर खर्च कोणाचा, हे विक्रेत्याकडून कागदावर घेतल्याशिवाय ती वखारीत उतरवू नका.